अंश मोजला, पण छेद कोणता?

रिसर्च प्रपोजल लिहायला बसलात की पहिलं वाक्य बहुतेक असंच सुचतं: 'हा आजार आपल्याकडे खूप आढळतो.' माझंही तेच झालं. विषय होता अंगावर पित्त उठणं, म्हणजे अर्टिकेरिया. सहा आठवड्यांहून जास्त काळ गांधी उठत राहिल्या तर तो जुनाट धरतात. मार्गदर्शकांनी समासात एवढंच लिहिलं: 'कितीपैकी किती?' उत्तर शोधताना मी परळच्या इतिहासात शिरलो.

परळला मोजणीची जुनी परंपरा आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. १८९९ मध्ये हाफकिन यांची प्लेग प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये आली. तीच आजची हाफकिन इन्स्टिट्यूट. पुढे १९०५ पासून प्लेग आयोगाने मुंबईत पाहणी केली. त्यात शीव, वडाळा, परळ आणि वरळी या गावांचा वेगळा अभ्यास होता. उंदरांमधली साथ आणि माणसांमधली साथ गावागावात ताडून पाहिली गेली. छेद ठरलेला होता: ते गाव.

१९२६ मध्ये परळमध्येच केईएम रुग्णालय सुरू झालं. अशा रुग्णालयाच्या ओपीडीत पित्ताचे रुग्ण मोजता येतात. पण रुग्ण राज्यभरातून येतात. त्यामुळे 'त्वचा विभागात आलेल्या शंभरांत किती' हे कळतं. 'परळमध्ये राहणाऱ्या शंभर प्रौढांत किती' हे कळत नाही.

बरं, अंशही गळका आहे. प्लेगने माणूस दगावायचा, म्हणून नोंद व्हायची. पित्ताने झोप उडते, कामावर खाडा होतो, पण घरात आमसुलाचं पाणी लावून भागवतात. एकेक गांध साधारण २४ तासांत विरते. नंबर लागेपर्यंत डॉक्टरांना दाखवायला काही उरतच नाही.

म्हणून घरोघरच्या पाहणीला पर्याय नाही. स्पेनमध्ये ५,००३ प्रौढांची पाहणी झाली (२००४). जुनाट अर्टिकेरिया निघाला ०.६ टक्के. २०२० च्या जागतिक आढाव्यात, ज्यात मुलंही धरली होती, पाहणीच्या वेळी आजार असलेले ०.७ टक्के होते, तर आयुष्यात कधीतरी झालेले ४.४ टक्के. आजार एकच, पण प्रश्नातला काळ बदलला की आकडा सहापट!

तेव्हा आकडा उचलण्याआधी तीन गोष्टी विचारा: कोणाला मोजलं, कोणत्या काळासाठी, आणि कोणत्या शब्दांत विचारलं? 'अर्टिकेरिया आहे का?' म्हटलं तर लालबागच्या चाळीतली मावशी 'नाही' म्हणेल; 'अंगावर पित्त उठतं का?' म्हटलं तर बाही वर करून दाखवेल. पण नुसतं 'पित्त' म्हणालात तर ती जळजळीबद्दल सांगत बसेल.

माझ्या प्रपोजलमधून 'खूप' हा शब्द गेला. त्या जागी आता प्रश्न आहे, आणि प्रपोजल खरं तर तिथूनच सुरू झालं.