विहार आणि वसतिगृह : सोलापूर जिल्ह्यातील शैक्षणिक समतेचा एक धडा

टेंभुर्णी हे सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यातील, पुणे-सोलापूर हमरस्त्यावर वसलेले गाव. भीमा नदीवरील उजनी धरण येथून जवळ आहे. पंढरपूर, अकलूज आणि कुर्डुवाडीमार्गे बार्शी-लातूरकडे जाणारे रस्ते येथूनच फुटतात. उसाची शेती आणि औद्योगिक वसाहत यांमुळे गावाचे रूप पालटले आहे. या परिसरातील उपासक-उपासिकांशी शिक्षणाविषयी आम्ही जेव्हा जेव्हा बोलतो, तेव्हा तीन प्रश्न हटकून पुढे येतात. पहिला प्रश्न अडचणींचा : मुलगी बारावी उत्तीर्ण झाली, आता तिला शहरात ठेवायची कोठे? दुसरा नेतृत्वाचा : निवडणुकीत दिसणारे पुढारी पुष्कळ आहेत, पण आपल्या मुलांच्या अभ्यासाकडे पाहणारा कोण? तिसरा समतेचा : कायद्याने शाळेचे दार उघडले आहे, मग आमची मुले अर्ध्या वाटेवर का थांबतात?

हे तीनही प्रश्न नवे नाहीत. ज्या जिल्ह्यात आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ठिकाणी, सोलापुरात, ४ जानेवारी १९२५ रोजी बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने या प्रश्नांना कृतीने उत्तर दिले होते. ते उत्तर म्हणजे अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी काढलेले वसतिगृह होय. सत्याग्रहांचा आणि परिषदांचा इतिहास आपण अभिमानाने सांगतो. वसतिगृहाच्या इतिहासाकडे मात्र आपले दुर्लक्ष झाले आहे. त्या इतिहासातून आजच्या विहारांनी कोणता बोध घ्यावा, याचा विचार येथे करावयाचा आहे.

उघडे दार आणि बंद वाट

१८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला आणि तो नाकारण्यात आला. सरकारी पैशाने चालणाऱ्या शाळेतून जातीच्या कारणाने कोणास वगळता येईल काय, हा प्रश्न त्या एका अर्जाने मुंबई इलाख्याच्या सरकारपुढे उभा केला. पुढे १८५८ मध्ये सरकारी शाळा सर्वांना खुल्या असल्याचे तत्त्व सांगण्यात आले. परंतु तत्त्व कागदावर राहिले आणि मुले शाळेच्या ओट्यावर राहिली. त्याआधीच महात्मा जोतीराव फुले आणि सावित्रीबाई यांनी पुण्यात महार-मांगांच्या मुलांसाठी शाळा काढल्या होत्या. त्यांच्या शाळेतील मुक्ता साळवे हिने १८५५ मध्ये आपल्या समाजाच्या दुःखावर लिहिलेला निबंध 'ज्ञानोदया'त छापून आला. संधी मिळताच ही मुले किती पुढे जाऊ शकतात, याचा तो लिखित पुरावा होता.

राजर्षी शाहू महाराजांनी करवीर संस्थानात १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले आणि १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांच्या मुलांना सर्वांबरोबर एकाच शाळेत घेण्याचा हुकूम काढला. ब्रिटिश मुलखात ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळाने रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव संमत केला. सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, दवाखाने यांबरोबर सार्वजनिक शाळाही अस्पृश्यांना खुल्या असाव्यात, असे त्या ठरावाने म्हटले. सोलापूर जिल्ह्याचा बहुतेक भाग मुंबई इलाख्यात असल्याने हा ठराव येथील गावांसही लागू होता.

म्हणजे १९२३ पर्यंत दार उघडले होते, असे म्हणता येईल. पण दारातून आत गेलेल्या मुलाचे पुढे काय होत होते? १२ मार्च १९२७ रोजी अंदाजपत्रकावर बोलताना बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळापुढे ठेवलेला आकडा प्रत्येक पालकाने ध्यानात ठेवावा असा आहे. प्राथमिक शाळेत जाणाऱ्या शंभर मुलांपैकी केवळ १८ चौथीपर्यंत पोहोचत आणि उरलेली ८२ पुन्हा निरक्षरतेत लोटली जात. सरकार शिक्षणावर दरडोई १४ आणे खर्च करते आणि दारूच्या उत्पन्नातून मात्र लोकांकडून दरडोई दोन रुपयांहून अधिक घेते, हेही त्यांनी त्याच भाषणात दाखवून दिले. हा आकडा सर्व जातींच्या मुलांचा होता. त्यावरून अस्पृश्य मुलांची स्थिती काय असेल, याची कल्पना करता येते.

खेड्यातील शाळा वरच्या इयत्तेत संपत असे आणि हायस्कूल शहरात असे. टेंभुर्णीसारख्या गावापासून सोलापूर नव्वद किलोमीटरच्या आसपास दूर आहे. सवर्ण घरातील मुलास शहरात नातेवाईक, मठ, जातीचे वसतिगृह किंवा वार लावून जेवण्याची सोय मिळू शकत होती. अस्पृश्य मुलास कोणी खोली देत नव्हते आणि खाणावळीत त्याला पंगतीस बसवीत नव्हते. शाळा खुली, पण रात्र काढण्यास जागा नाही आणि पोटास भाकरी नाही, ही खरी अडचण होती. समतेचा प्रश्न वर्गाच्या उंबरठ्यावर सुटत नाही. मुलगा संध्याकाळी कोठे परततो, तेथे त्याचा निकाल लागतो.

सोलापूरचे वसतिगृह

२० जुलै १९२४ रोजी मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभेची स्थापना झाली. सर चिमणलाल सेटलवाड अध्यक्ष होते, व्यवस्थापक मंडळाची धुरा बाबासाहेबांकडे होती आणि सीताराम नामदेव शिवतरकर चिटणीस होते. सभेच्या उद्देशांचा क्रम अभ्यासण्यासारखा आहे. वसतिगृहे काढून शिक्षणाचा प्रसार करणे हा पहिला उद्देश होता. त्यानंतर वाचनालये व अभ्यासवर्ग, मग औद्योगिक व शेतकी शिक्षणातून आर्थिक सुधारणा, आणि त्यानंतर समाजाची गाऱ्हाणी वेशीवर मांडणे. ज्यांना आपण संघर्षाचे सेनापती म्हणतो, त्यांनी आपल्या पहिल्या संस्थेच्या पहिल्या कलमात वसतिगृहाला स्थान दिले, हा योगायोग नव्हे.

स्थापनेनंतर सहा महिन्यांच्या आत सोलापूरचे वसतिगृह सुरू झाले. हायस्कूलमध्ये शिकणाऱ्या मुलांच्या राहण्या-जेवणाचा, कपड्यांचा व शालेय साहित्याचा भार सभेने उचलला. सोलापूर नगरपालिकेने त्यासाठी दरमहा ४० रुपयांचे अनुदान दिले. रक्कम लहान दिसते. परंतु करदात्यांच्या पैशातील वाटा अस्पृश्य मुलांच्या निवाऱ्यासाठी मिळणे, हा हक्काचा भाग होता. वसतिगृहातील विद्यार्थ्यांनी 'सरस्वती विलास' नावाचे मासिकही काढले. ज्यांच्या वाडवडिलांना अक्षर पाहण्याची बंदी होती, त्यांच्या मुलांनी शाळेत असतानाच संपादक व लेखक व्हावे, ही त्या वास्तूची खरी कमाई होय. पोट भरण्याची सोय तेथे होतीच, पण बोलण्याचे, लिहिण्याचे आणि एकत्र निर्णय घेण्याचे शिक्षणही तेथेच मिळत होते.

येथे एक शंका घेतली जाते. वेगळ्या शाळांना विरोध करणाऱ्यांनी वेगळी वसतिगृहे का काढली? उत्तर सोपे आहे. वेगळी शाळा मुलाला समाजापासून तोडते. वसतिगृह त्याला सर्वांच्या शाळेत टिकून राहण्याचे बळ देते. शाहू महाराजांनीही वेगळ्या शाळा बंद केल्या, पण १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी सुरू झालेल्या मिस क्लार्क वसतिगृहास आधार दिला. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींची मुले एकत्र राहतील व एकत्र जेवतील असे वसतिगृह काढून पुढचे पाऊल टाकले. शाळा सर्वांची एक, आणि ज्याला निवारा नाही त्याला निवारा, हे या धोरणाचे सूत्र होते. पुढे स्टार्ट समितीने, जिचे बाबासाहेब सभासद होते, १९३० च्या आपल्या अहवालात सामायिक शाळांबरोबरच शिष्यवृत्त्या व वसतिगृहे यांचा पुरस्कार केला.

नेतृत्व कोठे घडले?

वसतिगृहाच्या इतिहासाचा दुसरा धडा नेतृत्वाविषयी आहे. सोलापूरच्या वसतिगृहाच्या कामाशी जिवाप्पा ऐदाळे यांचे नाव निगडित आहे. हेच ऐदाळे १९३७ च्या निवडणुकीत स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबई विधानसभेवर निवडून आले. काळाराम मंदिर सत्याग्रहाचे धुरंधर कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांनीही नाशिकमध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाचे अधीक्षक म्हणून काम केले होते. मुलांच्या जेवणाचा हिशेब ठेवणे, आजारी मुलाजवळ बसणे, शुल्कासाठी दारोदार फिरणे, गावाकडून आलेल्या बापाची समजूत घालणे, ही कामे करणाऱ्यांतून चळवळीचे नेते उभे राहिले. आज आपण आधी नेता होतो आणि मग सवड मिळाल्यास शिक्षणाचा विचार करतो. त्या पिढीचा क्रम नेमका उलट होता.

या परंपरेत स्त्रियांचाही वाटा आहे. नागपुरात जाईबाई चौधरी यांनी अस्पृश्य मुलींसाठी चोखामेळा यांच्या नावाने शाळा चालविली. जुलै १९४२ मध्ये नागपूरला भरलेल्या अखिल भारतीय दलित महिला परिषदेने स्त्रियांच्या प्रश्नांना स्वतंत्र व्यासपीठ दिले. मुलीला शहरात ठेवण्याचा प्रश्न आज सर्वांत कठीण वाटतो. ज्यांनी तो ओळखला त्या स्त्रिया पुस्तकी पंडिता नव्हत्या. त्या अनुभवाने शहाण्या झालेल्या कार्यकर्त्या होत्या.

अंतेवासी

बौद्ध वाचकांस या इतिहासाचा धम्माशी असलेला संबंध सहज दिसेल. विनयात शिष्यासाठी दोन शब्द येतात : सद्धिविहारिक आणि अंतेवासिक. पहिल्याचा अर्थ सोबत राहणारा, दुसऱ्याचा अर्थ जवळ राहणारा. भगवान बुद्धांच्या संघात शिकणे म्हणजे आचार्याजवळ राहणे होते. नवदीक्षित भिक्खूने अनेक वर्षे उपाध्यायाच्या आश्रयाने राहावे, असा नियम होता. शिष्याने गुरूची सेवा करावी इतके सांगून विनय थांबत नाही. शिष्याला पात्र किंवा चीवर नसेल तर उपाध्यायाने ते मिळवून द्यावे, तो आजारी असेल तर त्याची शुश्रूषा करावी, अशी कर्तव्ये गुरूवरही घातली आहेत.

या संघात नेतृत्व जन्मावरून ठरत नव्हते. शाक्य राजपुत्र प्रव्रज्येसाठी आले, तेव्हा आपला जात्यभिमान मोडावा म्हणून त्यांनी आपल्या न्हाव्याला, उपालीला, आधी दीक्षा देण्याची विनंती केली. त्यामुळे तो ज्येष्ठ ठरला आणि राजपुत्रांना त्यास वंदन करावे लागले. पुढे राजगृहाच्या पहिल्या संगीतीत विनयाविषयी ज्याला प्रश्न विचारण्यात आले, तो हाच उपाली. समान निवास, समान शिक्षण आणि ज्ञानावर आधारलेले नेतृत्व यांचे याहून स्पष्ट उदाहरण कोणते?

मुळात विहार या शब्दाचा अर्थच निवासस्थान असा आहे. अजिंठ्याच्या विहारांत मधले सभागृह आणि तीन बाजूंनी खोल्या आढळतात. एकत्र बसून ऐकण्याची व मनन करण्याची जागा आणि राहण्याची जागा एकाच छताखाली आहे. म्हणून आम्ही म्हणतो की सोलापूरचे १९२५ चे वसतिगृह ही नुसती समाजसुधारणेची संस्था नव्हती. धम्मदीक्षेच्या एकतीस वर्षे आधी, विहाराची मूळ कल्पना बाबासाहेबांनी आधुनिक रूपात उभी केली होती. पुढे १९५० साली औरंगाबादेत, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय निघाले. त्याला मिलिंद आणि त्याच्या परिसराला नागसेनवन ही नावे मिळाली, तेव्हा हे नाते उघडपणे प्रकट झाले.

आजचे कर्तव्य

१९५६ च्या धम्मदीक्षेनंतर आपल्या विद्यार्थ्यांना एक वेगळीच परीक्षा द्यावी लागली. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशामुळे बौद्ध झालेल्यांना केंद्राच्या सवलती नाकारल्या गेल्या. ज्याने धर्म बदलला त्याचे दारिद्र्य व त्याच्यावरील कलंक एका दिवसात नाहीसे झाले, असे कायद्याने गृहीत धरले. हा अन्याय दूर होण्यास १९९० ची दुरुस्ती यावी लागली. चौतीस वर्षे गेली. त्या काळात केंद्राच्या सवलतींपासून वंचित राहूनही जे शिकले, ते मुख्यतः समाजाच्या, वसतिगृहांच्या आणि कष्टकरी आईबापांच्या बळावर शिकले.

आज शासनाची वसतिगृहे आहेत. त्यांत प्रवेश न मिळालेल्यांसाठी २०१६-१७ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने खाजगी शाळांत दुर्बल व वंचित घटकांसाठी पंचवीस टक्के जागा राखल्या. मात्र मिळालेला हक्क राखावाही लागतो. शासकीय शाळा जवळ असलेल्या खाजगी शाळांना या जबाबदारीतून वगळणारी दुरुस्ती महाराष्ट्रात फेब्रुवारी २०२४ मध्ये आली, आणि जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द ठरविली. ज्या पालकाला अशा गोष्टी वेळेवर कळत नाहीत, त्याच्या मुलाचे वर्ष वाया जाते.

म्हणून विहारांना आमचे नम्र पण स्पष्ट सांगणे आहे. टेंभुर्णीच्या परिसरात काय आणि महाराष्ट्रात अन्यत्र काय, विहाराच्या घुमटासाठी व कमानीसाठी वर्गणी गोळा होते. त्यात गैर काही नाही. पण घुमट उभा राहतो आणि संध्याकाळच्या वंदनेनंतर दाराला कुलूप लागते, हे गैर आहे. त्याच सभागृहात रात्री दहापर्यंत दिवा जळावा आणि मुलामुलींना अभ्यासाला जागा मिळावी. प्रत्येक विहाराने एक सुशिक्षित उपासक किंवा उपासिका नेमून शिष्यवृत्ती, स्वाधार व वसतिगृह प्रवेश यांचे अर्ज वेळेत भरून घ्यावेत. तालुक्यातील विहारांनी एकत्र येऊन सोलापूर किंवा पुण्यात मुलींसाठी चार खोल्या जरी भाड्याने घेतल्या, तरी एका पिढीचा प्रश्न हलका होईल. ऊसतोडीसाठी येणाऱ्या कुटुंबांची मुले आपल्या जातीची आहेत की नाहीत, हे न विचारता त्यांनाही त्या दिव्याखाली बसवावे.

पुतळे आणि कमानी आपल्याला बाबासाहेबांची आठवण देतात. त्यांचे काम पुढे चालते ते मात्र जेथे एखादे खेड्यातील मूल निर्धास्तपणे राहते, जेवते आणि शिकते तेथेच. अंतेवासी नसलेला विहार ही रिकामी वास्तू होय. आपल्या वास्तू रिकाम्या राहू नयेत, याची जबाबदारी तुम्हां-आम्हांवर आहे.