‘लागणे’, ‘सोडणे’ आणि ‘सुटणे’ : अफूवरील अवलंबित्व व त्याचा औषधोपचार, पेण-रोह्याच्या संदर्भात

१

व्यसनासंबंधी मराठीत जी क्रियापदे रूढ आहेत, त्यांची घडण विचारात घेण्याजोगी आहे. ‘त्याला व्यसन लागले’ या वाक्यात मनुष्य चतुर्थीत येतो. भूक लागते, ठेच लागते, त्याच जातीचा हा प्रयोग होय. ‘त्याला तलफ येते’ हाही ‘त्याला ताप येतो’ याचाच सहोदर. परंतु त्याच मनुष्याने बाहेर पडावयाचे म्हटले की वाक्याची ठेवण पालटते. ‘त्याने व्यसन सोडले’ किंवा ‘त्याने ते सोडले नाही’ असे म्हटले जाते, आणि जो आतापर्यंत केवळ भोक्ता होता तो एकाएकी कर्ता होतो. व्यसन जडणे हा अपघात आणि ते सोडणे हे कर्तव्य, असा निवाडा भाषेने जणू आधीच देऊन ठेवला आहे.

या दोहोंच्या मध्ये ‘सुटणे’ हे तिसरे क्रियापद आहे. ‘त्याचे व्यसन सुटले’ या वाक्यात ते कोणी सोडविले, निश्चयाने, काळाने की औषधाने, हे सांगण्याचे बंधन नाही. अफू व तिच्या वर्गातील द्रव्यांच्या बाबतीत कायद्याचा आणि वैद्यकाचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास पाहिला, तर तो ‘सोडणे’ या क्रियापदाकडून ‘सुटणे’ या क्रियापदाकडे झालेला प्रवास आहे, असे दिसून येते. हा प्रवास अद्याप पुरा झालेला नाही, आणि मुंबईसारख्या महानगरापेक्षा पेण व रोहा यांसारख्या तालुक्याच्या गावांच्या दृष्टीने पाहिले असता त्याचा अपुरेपणा अधिक स्पष्ट होतो.

२

पेण व रोहा हे दोन्ही जुन्या कुलाबा जिल्ह्याचे तालुके. १९८१ मध्ये या जिल्ह्यास रायगड हे नाव मिळाले. येथील अबकारीचा इतिहास मुख्यतः ताडी आणि मोहाची दारू यांचा आहे. मोहाच्या दारूच्या भट्ट्यांसाठी जवळचे उरण प्रसिद्ध होते. अफूचे क्षेत्र निराळे होते. माळव्यात पिकलेली अफू मुंबई बंदरातून चीनकडे जाई, आणि देशातील किरकोळ विक्री सरकारी परवान्याने चाले. १८७८ या एकाच वर्षी मुंबई इलाख्याचा अबकारी कायदा आणि सर्व हिंदुस्थानास लागू होणारा अफूचा कायदा असे दोन कायदे झाले. त्यांचा भर महसुलावर होता. अफू खाणारा मनुष्य त्यांच्या दृष्टीने गिऱ्हाईक होता. रोगी नव्हे, आणि परवान्याच्या मर्यादेत राही तोवर गुन्हेगारही नव्हे.

या धोरणाविरुद्ध इंग्लंडात चळवळ झाल्यावर १८९३ मध्ये लॉर्ड ब्रासी यांच्या अध्यक्षतेखाली शाही अफू आयोग नेमण्यात आला. १८९५ च्या अंतिम अहवालात आयोगाने सरसकट बंदीच्या विरोधात मत दिले. मिशनऱ्यांच्या दृष्टीने अफू हे पातक होते, तर अनेक डॉक्टरांच्या व अधिकाऱ्यांच्या दृष्टीने ती बेताने घेतल्यास निरुपद्रवी अशी सवय होती. परंतु ती रोज घेणाऱ्याला ती एकाएकी न मिळाल्यास त्याच्या शरीराचे काय होते, आणि त्या यातनेवर उपाय कोणता, हा प्रश्न या वादात दुय्यमच राहिला.

कोकणच्या घरांत अफूचा शिरकाव आणखी एका वाटेने झाला. कुलाबा व रत्नागिरी जिल्ह्यांतून असंख्य कुटुंबे मुंबईच्या गिरण्यांत कामास गेली. पेणच्या बाजूच्या लोकांना त्यासाठी धरमतरचे बंदर सोयीचे होते. गिरणीत जाणारी आई तान्ह्या मुलास ‘बाळगोळी’ देऊन निजवून जाई. या गोळीत अफू असे. डॉ. बार्न्स यांच्या १९२२ च्या अहवालात कामगार स्त्रियांच्या मुलांपैकी ९८ टक्के मुलांना अफू दिली जात असल्याची नोंद आहे. येथे ‘सोडणे’ या क्रियापदाची असमर्थता उघड होते. ज्या जिवाला व्यसन हा शब्दही ठाऊक नाही, त्याच्याही शरीराला अफूची सवय जडत होती. त्या अर्भकाने काय सोडावयाचे?

३

स्वातंत्र्यानंतर १९४९ च्या अखिल भारतीय अफू परिषदेत असे ठरले की, वैद्यकीय कारणाखेरीज होणारे अफूचे सेवन दहा वर्षांत बंद करावे व त्यासाठी पुरवठा दरसाल दहा टक्क्यांनी घटवीत न्यावा. त्याप्रमाणे १ एप्रिल १९५९ पासून अशा सेवनास मनाई झाली. या योजनेचे स्वरूप मोठे उद्बोधक आहे. रोग्याची मात्रा हळूहळू उतरवीत नेण्याची जी वैद्यकीय पद्धत, तीच येथे अवघ्या राष्ट्राला लावण्यात आली होती. मात्र वैद्य मात्रा उतरवितो ती रोग्याची नाडी पाहून. येथे ती पंचांग पाहून उतरविली गेली. ज्यांच्या शरीराने पंचांगाशी जुळवून घेतले नाही, त्यांच्यासाठी नोंदणी व वैद्यकीय कारणावरून मिळणारा परवाना ही वाट मोकळी ठेवावी लागली. या परवान्याने एक गोष्ट नकळत मान्य झाली : काही माणसांच्या बाबतीत मोजकी, नियमित व देखरेखीखालील मात्रा हाच उपचार असू शकतो. पुढील काळातील औषधोपचाराचे बीज या तत्त्वात आहे.

४

१९८० नंतरच्या दशकात मुंबई-पुण्यात हेरॉइनचा एक अशुद्ध प्रकार पसरला. लोकांनी त्याला ‘गर्द’ हे नाव दिले. फार्सीत या शब्दाचा अर्थ धूळ. अनिल अवचट यांच्या ‘गर्द’ या पुस्तकाने हा शब्द महाराष्ट्रातील घराघरांत पोचविला. २९ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या साहाय्याने पुण्यात मुक्तांगण हे केंद्र सुरू केले. त्यापूर्वी १९८१ मध्ये फादर जो परेरा यांनी वांद्र्यात कृपा फाउंडेशनची स्थापना केली होती.

द्रव्य बंद होताच होणाऱ्या यातनेलाही याच काळात ‘टर्की’ हे इंग्रजीतून आलेले नाव मिळाले. जुन्या ‘तलफ’ या शब्दाने ही अवस्था पुरती व्यक्त होत नव्हती. तलफ म्हणजे इच्छा. टर्की म्हणजे इच्छेची पर्वा न करता शरीराने मांडलेला उच्छाद. हेरॉइन थांबल्यावर सामान्यतः आठ ते बारा तासांत जांभया, नाकाडोळ्यांतून पाणी, अंगावर काटा, पायांत गोळे, उलट्या, जुलाब व निद्रानाश ही लक्षणे सुरू होतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती शिगेस पोचतात आणि आठवडाभरात बहुधा ओसरतात. नवा शब्द आला तो नवी फॅशन म्हणून नव्हे. भाषेतील एक रिकामी जागा त्याने भरून काढली.

५

या अवस्थेवरील औषधे तीन प्रकारची आहेत. पहिला प्रकार लक्षणे शमविणारा. क्लोनिडीन हे मुळात रक्तदाबावरील औषध या कामी उपयोगी पडते, असे १९७८ मध्ये दाखविण्यात आले. दुसऱ्या प्रकारात अफूच्याच वर्गातील, पण दीर्घकाळ व संथपणे परिणाम करणारे द्रव्य दिले जाते. न्यूयॉर्क येथे व्हिन्सेंट डोल व मेरी निस्वांडर यांनी १९६५ मध्ये मेथाडोनचा असा उपयोग प्रसिद्ध केला. तिसरा प्रकार ब्युप्रेनॉर्फीनचा. मेंदूतील ज्या ग्राहकांवर हेरॉइन बसते तेथेच हे द्रव्य घट्ट बसते, पण त्यांना अंशतःच चेतविते. त्यामुळे यातना शमतात, आणि मात्रा वाढविली तरी परिणाम एका मर्यादेपलीकडे जात नाही. १९७८ मध्ये डोनाल्ड जसिन्स्की व त्यांच्या सहकाऱ्यांनी या रोगावरील त्याची उपयुक्तता पुढे मांडली. ते जिभेखाली ठेवावयाचे असते. टर्कीची लक्षणे दिसू लागल्यावरच त्याचा आरंभ करावा लागतो. घाई केल्यास तेच औषध तीव्र टर्की ओढवून आणते. यास्तव ते वैद्याच्या देखरेखीखालीच सुरू करणे अवश्य आहे.

यावर नेहमी घेतला जाणारा आक्षेप असा की, हे म्हणजे एक व्यसन जाऊन दुसरे लागणे. या आक्षेपामागे ‘व्यसनमुक्ती’ हा शब्द उभा आहे. मुक्ती या कल्पनेला अंश नसतात. मनुष्य बद्ध तरी असतो किंवा मुक्त तरी. परंतु शरीराचा व्यवहार असा नाही. केवळ आठवडाभर टर्की काढून जो घरी परततो, त्याची द्रव्य सोसण्याची शक्ती घटलेली असते. अशा वेळी तो पूर्वीच्याच मात्रेकडे वळला तर ती प्राणघातक ठरू शकते. उलट, औषध दीर्घकाळ चालू ठेवल्यास मृत्यूचे प्रमाण लक्षणीय घटते, हे अनेक देशांत वारंवार दिसून आले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये मेथाडोन व ब्युप्रेनॉर्फीन ही दोन्ही औषधे अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली. मधुमेही इन्सुलिन घेतो म्हणून त्यास कोणी इन्सुलिनचा व्यसनी म्हणत नाही.

६

कायद्याच्या शब्दांतही हा पालट उमटला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीने १९६४ मध्ये ‘व्यसन’ व ‘सवय’ या दोन संज्ञांऐवजी ‘अवलंबित्व’ ही एकच संज्ञा सुचविली. भारताच्या १९८५ च्या अंमली पदार्थविषयक कायद्यात व्यसनी म्हणजे व्यसन जडलेला मनुष्य, अशी वर्तुळाकार व्याख्या होती. २००१ च्या दुरुस्तीने तिच्या जागी ‘अवलंबित्व असलेला’ मनुष्य आला. स्वेच्छेने उपचार घेऊ इच्छिणाऱ्या व्यसनी मनुष्यास या कायद्याच्या ६४-अ कलमाने विशिष्ट मर्यादेत खटल्यापासून संरक्षण दिले आहे. ७१ व्या कलमात नोंदणी झालेल्यांना द्रव्य पुरविण्याची तरतूद आहे; १९५९ चा परवानाच तेथे निराळ्या वेशात दिसतो. २०१४ मध्ये त्याच कलमात ‘उपचार’ या शब्दाशेजारी ‘व्यवस्थापन’ हा शब्द घालण्यात आला. शब्द एकच, पण त्याने हे मान्य केले की प्रत्येक रोग समूळ नाहीसा होतो असे नाही. काही रोग सांभाळावे लागतात.

‘अंमल’ या शब्दाचा प्रवासही याच संदर्भात ध्यानात घ्यावा. मूळ अरबी शब्दाचा अर्थ कृती. मराठीत त्याला राज्यसत्ता आणि नशा हे दोन्ही अर्थ आले. ‘अंमलबजावणी’ आणि ‘अंमली पदार्थ’ हे शब्द एकाच मुळाचे. या देशात या रोग्याशी दीर्घकाळ संबंध आला तो पहिल्या अंमलाचा, म्हणजे अबकारीचा व पोलिसांचा. वैद्य मागाहून आला.

तो अजूनही सर्वत्र पोचलेला नाही. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने २००७-०८ पासून ब्युप्रेनॉर्फीनचा उपचार आपल्या कार्यक्रमात घेतला, तो मुख्यतः सुईने द्रव्य टोचून घेणाऱ्यांसाठी. २०१२ पासून मेथाडोनही येऊ लागले. परंतु या पद्धतीत सामान्यतः रोज केंद्रावर जाऊन परिचारकासमोर औषध घ्यावे लागते. रोजंदारीवर जगणाऱ्या माणसाच्या दृष्टीने याचा अर्थ काय होतो, हे पेण-रोह्याच्या नकाशावर पाहावे. जिल्ह्याचे मुख्य रुग्णालय अलिबागेस आहे. पेणहून ते सुमारे ३० किलोमीटर, रोह्याहून त्याहून लांब. पेणच्या गणपतीच्या कारखान्यात भाद्रपदापूर्वी रात्रंदिवस हात चालत असतात. रोह्याजवळच्या धाटावच्या रासायनिक कारखान्यांत पाळ्या ठरलेल्या असतात. अशा ठिकाणच्या कामगाराला हा रोग जडला, तर औषधासाठी रोजची मजुरी बुडविणे आणि मजुरीसाठी औषध बुडविणे, यांतून निवड करावी लागेल. २०२० च्या साथीत काही दिवसांचे औषध एकदम घरी देण्यास मुभा देण्यात आली. म्हणजे रोजची फेरी ही औषधाच्या गुणधर्मातून आलेली अट नव्हे. ती व्यवस्थेने घातलेली अट आहे, आणि ती बदलता येते.

२०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशातील १० ते ७५ वर्षे वयाच्या लोकांपैकी सुमारे २.१ टक्के लोक अफूवर्गीय द्रव्ये घेत होते. यांतील ज्यांना अवलंबित्व जडले आहे, त्यांच्याविषयी बोलताना ‘त्याने सोडले पाहिजे’ हे वाक्य जितक्या सहज उच्चारले जाते, तितक्या सहज ‘ते सुटण्यासाठी त्याला काय मिळाले पाहिजे’ हा प्रश्न विचारला जात नाही. व्याकरणाच्या दृष्टीने दोन्ही वाक्ये निर्दोष आहेत. परंतु पहिल्यात सारा भार एका माणसावर टाकलेला आहे, आणि दुसऱ्यात तो मनुष्य पुन्हा चतुर्थीत, म्हणजे ज्याला काही द्यावयाचे आहे त्याच्या जागी, आला आहे.