'नेटिव्ह' : एका विशेषणाची कुळकथा

गिरगावातल्या आमच्या चाळीत नव्या बिऱ्हाडकरूला पहिला प्रश्न ठरलेला असे : 'तुमचं नेटिव्ह कुठलं?' उत्तर यायचं राजापूर, मालवण, सावंतवाडी. पुढे एकोणिसाव्या शतकातली मुंबई अभ्यासताना हाच शब्द पानोपानी भेटू लागला, पण त्याचा सूर निराळा होता.

मूळ लॅटिन शब्द 'नातिवुस', म्हणजे जन्मजात. 'नेचर', 'नेशन' आणि भोळा या अर्थाचा 'नाईव्ह' ही त्याचीच भावंडं. मध्ययुगीन इंग्लंडच्या कायद्यात मात्र 'नातिवुस' म्हणजे जन्माने भूदास. हिणकस छटा या शब्दाला मायदेशीच चिकटली होती.

तरीही केंट परगण्यात जन्मलेला इंग्रज स्वतःला 'नेटिव्ह ऑफ केंट' म्हणवी, त्यात कमीपणा नव्हता. हिंदुस्थानात मात्र शब्दापुढचं गाव गळून पडलं आणि उरला नुसता 'नेटिव्ह'. वस्ती 'नेटिव्ह टाऊन', पलटण 'नेटिव्ह इन्फन्ट्री', संस्थान 'नेटिव्ह स्टेट'. अर्थ जन्माशी निगडित असता, तर १८६५ साली मुंबईत जन्मलेला रुडयार्ड किपलिंगही नेटिव्ह ठरला असता. तो ठरला नाही. विशेषण जन्माचं होतं, पण मोजमाप वर्णाचं आणि सत्तेचं.

आपल्या लोकांनी या शब्दाचं काय केलं? विश्वनाथ नारायण मंडलिकांनी १८६४ मध्ये मुंबईत पत्र काढलं, त्याचं नाव 'नेटिव्ह ओपिनियन'. ज्या शब्दाने साहेब आपल्याला गप्प बसवी, तोच त्यांनी मताला जोडून मथळ्यावर छापला. हे धाडस मला लहान वाटत नाही. पुढे १८८५ च्या डिसेंबरात गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत जी सभा भरली, तिने मात्र नाव घेतलं 'इंडियन'. सुशिक्षितांना आता जुना शब्द नकोसा झाला होता.

चाळीने तो टाकला नाही. गिरणीतला, गोदीतला चाकरमानी गणपतीला, शिमग्याला 'नेटिव्हला' जात राहिला. साहेबाने त्या शब्दातून गाव काढून घेतलं होतं. आमच्या चाळीतला तो प्रश्न गावाचंच नाव विचारत होता. लहानपणी मी 'सावंतवाडी' म्हणायचो, तेव्हा हे ठाऊक नव्हतं. आता कुणी विचारलं, की मी गावाचं नाव जरा सावकाश सांगतो.