चाक मऊ झालं, तेव्हा रस्ता मैदान झाला

माळशिरस, अकलूज, नातेपुते या पट्ट्यात वाढलेल्या माझ्या वयाच्या पुरुषांना बेअरिंगची गाडी नक्की आठवत असेल. गॅरेजवाल्याने टाकून दिलेली तीन बेअरिंगं, एक फळी आणि वळवायला पुढे आडवा दांडा. उतारावर एकाने बसायचं, दुसऱ्याने ढकलायचं. डांबरी रस्त्यावर लोखंडाचा असा खरखराट व्हायचा की दुपारी झोपलेली गल्ली ओरडत बाहेर यायची. चाकाखाली खडा आला की गाडी जागच्या जागी थांबायची आणि बसणारा पुढे जाऊन पडायचा.

हीच अडचण अमेरिकेतल्या मुलांचीही होती, आणि ती कशी सुटली यातच स्केटबोर्डचा इतिहास आहे.

1950च्या दशकात कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर, समुद्राला लाटा नसतील त्या दिवशी, सर्फिंग करणारी पोरं रोलर स्केटची लोखंडी चाकं काढून फळीला ठोकायची आणि रस्त्यावर घसरायची. 1960च्या दशकात 'क्ले' म्हणून ओळखली जाणारी चाकं आली. आवाज कमी झाला, पण पकड फारशी नव्हती आणि लहानसा खडाही पुरेसा होता. अपघात वाढले, अनेक शहरांनी बंदी घातली आणि 1965 नंतर हा खेळ जवळपास बसला.

त्याला उठवलं ते एका नाकारलेल्या मालाने. फ्रँक नॅसवर्दी नावाच्या तरुणाने 1970 साली व्हर्जिनियातल्या पर्सेलव्हिल गावच्या एका कारखान्यात युरेथेनची चाकं पाहिली. चपलेच्या दुकानात आपण 'पीयू सोल' मागतो ना, त्याच कुळातलं हे प्लास्टिक. ही चाकं रोलर स्केटसाठी बनवली होती, पण मऊ असल्यामुळे वेग कमी पडतो म्हणून स्केटिंगवाल्यांना ती नको होती. नॅसवर्दीने ती आपल्या फळीला लावून पाहिली. लोखंड खड्याला अडतं. युरेथेन खड्यापाशी जरा दबतं आणि पुढे जातं. वळणावरही ते रस्ता धरून ठेवतं. 1972 मध्ये त्याने 'कॅडिलॅक' नावाने ही चाकं विकायला सुरुवात केली. मग सुट्या छऱ्यांच्या जागी बंद बेअरिंग आली. आजही स्केटबोर्डच्या चाकात साधारणपणे तेच ठरलेलं माप असतं: आतून 8, बाहेरून 22 आणि जाडीला 7 मिलिमीटर.

यानंतर पोरं कुठेही पोहोचू लागली. 1976-77च्या दुष्काळात कॅलिफोर्नियातले पोहण्याचे हौद कोरडे पडले, तर त्यांच्या भिंतींवर चढली. स्केटपार्क उभे राहिले. पण विम्याचा खर्च परवडेना म्हणून सत्तरचं दशक संपता संपता त्यातले बरेच बंद पडले. स्ट्रीट स्केटिंग फोफावलं ते या बंद फाटकांबाहेर. मैदान गेलं म्हणून पोरांनी पायऱ्या, कठडे, बाक आणि फुटपाथची कड यांनाच मैदान केलं. फ्लोरिडाच्या अ‍ॅलन गेल्फंडने 1978च्या सुमारास हात न लावता फळीसकट उडी घेण्याची 'ऑली' आणली. रॉडनी मलनने 80च्या दशकाच्या सुरुवातीला ती सपाट जमिनीवर करून दाखवली. मग मार्क गोन्झालेस, नातास कौपास यांच्या पिढीने अख्खं शहरच वापरायला घेतलं.

इथे चाक पुन्हा बदललं. उडी मारायला हलकं आणि कठड्यावर घसरायला कडक चाक लागतं. पूर्वीच्या मऊ चाकाचा कडकपणा मोजपट्टीवर 78च्या आसपास असे, स्ट्रीटचं चाक 99 ते 101वर गेलं. 90च्या दशकाच्या सुरुवातीला तर चाकं 40 मिलिमीटरइतकी लहान झाली; पुढे ती 50 ते 54च्या आसपास स्थिरावली. रस्त्याने चाक घडवलं आणि चाकाने रस्ता, असा हा दुतर्फा व्यवहार. 2021 साली झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये 'स्ट्रीट' प्रकार आला आणि जपानच्या 13 वर्षांच्या मोमिजी निशियाने सुवर्ण जिंकलं.

मला या इतिहासात सर्वांत महत्त्वाची वाटते ती काबूलची गोष्ट. 2007 साली ऑलिव्हर पर्कोविच हा ऑस्ट्रेलियन स्केटबोर्ड घेऊन तिथे गेला. मुलींनी सायकल चालवणं तिथे गैर मानलं जाई. स्केटबोर्ड मात्र इतका नवा, की तो मुलींनी खेळू नये असा नियम करायचं कुणाला सुचलंच नव्हतं. त्या फटीतून मुली आत शिरल्या आणि 'स्केटिस्तान' ही शिकवणी व खेळ एकत्र चालवणारी संस्था उभी राहिली. तिथल्या मुलींवरच्या लघुमाहितीपटाला 2020 साली ऑस्कर मिळालं. आपल्याकडे मध्य प्रदेशातल्या पन्ना जिल्ह्यात जनवार गावी 2015 साली उल्रिके राइनहार्ड या जर्मन बाईंनी स्केटपार्क बांधला. नियम दोनच: शाळा नाही तर स्केटबोर्ड नाही, आणि मुली आधी. 2022च्या गुजरातमधल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत याच स्ट्रीट प्रकारात महाराष्ट्राच्या श्रद्धा गायकवाडने सुवर्णपदक आणलं.

वाचकहो, बेअरिंगच्या गाडीवर मी कधी मुलगी बसलेली पाहिली नाही. शिक्षक म्हणून रोज पाहतो ते असं: पाचवी-सहावीपर्यंत मुली मैदानात धावतात, आठवीत त्याच मुली कडेला बसून ओढण्या सांभाळतात. क्रिकेट, कबड्डी, सायकल यांबद्दल मोहल्ल्यात प्रत्येकाचं मत आधीच ठरलेलं असतं. स्केटबोर्डबद्दल अजून कुणाचंच काही ठरलेलं नाही. ते ठरायच्या आत आपल्या मुली त्यावर उभ्या राहायला हव्यात. ओढणी नीट बांधून, हेल्मेट घालूनही तोल सांभाळता येतो. काबूलच्या मुलींनी तो सांभाळलाच.

'स्ट्रीट' म्हणजे पालखी महामार्ग नव्हे, हेही सांगतो. उसाच्या ट्रॉल्या जातात तिथे हा खेळ नाही. शाळेच्या आवारात गुळगुळीत कोब्याचा एक चौकोन, दोन-तीन पायऱ्या आणि एक बुटका ओटा एवढ्यावर सुरुवात होते. नगरपंचायतीकडे क्रीडांगण मागताना एवढंही मागता येईल. आणि मुलीसाठी बोर्ड घेताना चाकावरचा आकडा बघा. गल्लीत पेव्हिंग ब्लॉक असतील तर 78च्या आसपासचं मऊ चाक घ्या, नाहीतर प्रत्येक सांध्याला दणका बसेल. कोबा असेल तर 99चं चालेल.