म्हापशाचे चौसष्ट दिवस

1989 साली राखेचा बुधवार 8 फेब्रुवारीस आला होता. उपवासकाळाचा पहिला आठवडा नुकताच सरत होता. 14 फेब्रुवारीस बार्देश तालुक्यातील पर्रा गावचा डॉमिनिक डिसोझा हा तिशीच्या उंबरठ्यावरचा तरुण बोलावणे आले म्हणून म्हापशाच्या पोलिस ठाण्यावर गेला. बोलावण्याचे कारण त्याला ठाऊक नव्हते. तो नियमित रक्तदान करीत असे. दान केलेल्या रक्ताच्या तपासणीत एचआयव्हीचा विषाणू आढळला होता, पण ही वार्ता त्याच्यापर्यंत कोणी पोहोचविली नव्हती. ठाण्यावरून त्याला रुग्णालयात नेण्यात आले. तेथील नोंदवहीत आपल्या नावापुढे 'एड्स' हा शब्द लिहिलेला त्याने पाहिला, आणि आपल्याला काय झाले आहे हे त्याला अशा रीतीने कळले. त्यानंतर त्याची रवानगी वापरात नसलेल्या एका जुन्या क्षय-रुग्णालयात झाली. दाराशी पोलिसांचा पहारा बसला. तेथे त्याने चौसष्ट दिवस काढले. झावळ्यांचा रविवार, शुभ शुक्रवार आणि 26 मार्चचा पुनरुत्थानाचा सण त्या दिवसांतच येऊन गेले.

त्याचा अपराध कोणता? अपराध नव्हताच. तो आजारीही नव्हता. विषाणूचा संसर्ग होणे आणि एड्सची अवस्था येणे यांत अनेक वर्षांचे अंतर असू शकते, हे त्या वेळीही वैद्यकशास्त्रास माहीत होते. परंतु गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात दुरुस्ती करून असा संसर्ग आढळलेल्या व्यक्तीस वेगळे ठेवण्याचा अधिकार शासनाने स्वतःकडे घेतला होता. पटकी-प्लेगच्या काळापासून प्रशासनाच्या अंगवळणी पडलेला हा उपाय. पण पटकी पाण्यातून पसरते, तर एचआयव्ही रक्तातून, शरीरसंबंधातून आणि मातेकडून बालकाकडे जातो. एका खोलीत बसल्याने, एका ताटात जेवल्याने तो जात नाही. मग त्या दारावरचा पहारेकरी नेमके कशाचे रक्षण करीत होता?

डॉमिनिकची आई लुसी डिसोझा यांनी मुंबई उच्च न्यायालयाच्या पणजी खंडपीठापुढे याचिका दाखल केली. ॲडव्होकेट आनंद ग्रोव्हर यांनी त्यांची बाजू मांडली. घरोघरी मुलाच्या आजाराची वाच्यता होऊ नये म्हणून माता जिथे दारे लावून घेतात, त्या काळात या बाईंनी स्वतःच्या नावाने शासनाला न्यायालयात उभे केले. त्या धैर्याचा उल्लेख इतिहासात फार थोडा होतो. मित्रमैत्रिणीही डॉमिनिकच्या पाठीशी उभ्या राहिल्या. न्यायालयाच्या अंतरिम आदेशाने तो घरी परतला. अंतिम निकाल मात्र लुसीबाईंच्या विरोधात गेला. व्यक्तीचा हक्क आणि समाजाचे हित यांत संघर्ष आला तर व्यक्तीने माघार घ्यावी, अशी न्यायालयाची भूमिका राहिली आणि वेगळे ठेवण्याची तरतूद वैध ठरली. मुलगा घरी आला, पण त्याला नेणारा कायदा पुस्तकात तसाच राहिला. कायदाच वैध ठरल्यावर त्या चौसष्ट दिवसांचा जाब मागायचा कोणाकडे?

ही घटना घडण्यापूर्वी नऊ महिने, मे 1988 मध्ये, जिनिव्हा येथे जागतिक आरोग्य सभेने एक ठराव संमत केला होता. एचआयव्हीबाधितांविरुद्ध भेदभाव टाळावा आणि त्यांचे हक्क व प्रतिष्ठा जपावी, असे आवाहन त्यात सर्व सदस्य देशांना होते. भारतही सदस्य होता. पण जिनिव्हाचा कागद म्हापशापर्यंत यायला वाटेत बरीच टेबले लागतात.

त्या ठरावामागे ज्यांची दृष्टी होती, ते डॉ. जोनाथन मान. हे अमेरिकन वैद्य किन्शासा येथे संशोधन करून जिनिव्हाला आले आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या एड्सविषयक कार्यक्रमाचे पहिले प्रमुख झाले. मानवी हक्क ही साथ आवरल्यानंतर पाळायची सौजन्याची बाब नाही, साथ आवरण्याचे ते साधनच आहे, असा त्यांचा आग्रह होता. त्याची संगती अगदी व्यवहारी आहे. ज्याला तपासणीनंतर कोंडले जाण्याचे भय आहे, तो तपासणीस येणार नाही. जो येणार नाही, त्याला आपल्यामुळे कोणास धोका आहे हे कळणार नाही, आणि साथ अंधारात वाढत जाईल. डॉमिनिकचेच पाहा. तो सापडला तो स्वेच्छेने रक्त देणारा म्हणून. त्याची गत पाहून पुढचा रक्तदाता काय बोध घेईल, हे सांगायला तज्ज्ञ कशाला हवा? संघटनेच्या महासंचालकांशी मतभेद होऊन मान यांनी 1990 मध्ये पद सोडले, आणि सप्टेंबर 1998 मध्ये कॅनडाच्या किनाऱ्याजवळ झालेल्या विमान अपघातात त्यांचा अंत झाला.

रुग्णांना वेगळे ठेवण्याचा इतिहास आपल्या वाचकांना अपरिचित नाही. हवाईच्या शासनाने कुष्ठरोग्यांना मोलोकाई बेटावर नेऊन टाकले होते. 1873 मध्ये फादर डेमियन तेथे गेले, त्यांच्यातलेच एक झाले आणि 15 एप्रिल 1889 रोजी त्याच रोगाने निवर्तले. 2009 मध्ये त्यांना संतपद मिळाले. त्यांच्या मृत्यूची शताब्दी 15 एप्रिल 1989 रोजी होती. त्या दिवशी डॉमिनिक अजून पहाऱ्यातच होता. डेमियनचे चित्र भिंतीवर लावणे आणि शेजारच्या घरातील बाधित मुलाच्या हातचा चहा घेणे, यांत दुसरे किती अवघड होते ते त्या दशकात ज्यांनी पाहिले, त्यांना अधिक सांगायला नको.

सुटकेनंतरही डॉमिनिकच्या वाट्याला पूर्वीचे आयुष्य आले नाही. त्याची नोकरी गेली. मग आपल्यासारख्यांना आधार देणे हेच त्याने काम मानले. प्राध्यापिका आणि नाट्यकर्मी इझाबेल वाझ यांच्या साथीने 1992 मध्ये त्याने 'पॉझिटिव्ह पीपल' ही संस्था गोव्यात उभी केली. बाधित माणूस हा केवळ उपचाराचा विषय नव्हे, त्याच्याविषयीच्या निर्णयांत त्याचाही शब्द असला पाहिजे, हे अमेरिकेतील डेन्व्हर येथे बाधितांनी 1983 मध्येच मांडले होते. गोव्यात ते डॉमिनिकने जगून दाखविले. मे 1992 मध्ये त्याचे निधन झाले. 2005 साली आलेला 'माय ब्रदर... निखिल' हा हिंदी चित्रपट त्याच्या जीवनावरून स्फुरला होता.

म्हापशाचा प्रसंग अपवाद होता असेही नाही. 1989 मध्येच राज्यसभेत एक एड्स प्रतिबंधक विधेयक मांडले गेले. सक्ती हाच त्याचा कणा होता. विरोध झाल्यावर ते मागे घेण्यात आले. क्युबाने 1986 पासून काही वर्षे बाधितांना आरोग्यधामांत सक्तीने ठेवले. उलट दक्षिण आफ्रिकेत राज्यघटना उदार होती, पण राष्ट्राध्यक्ष थाबो एम्बेकी यांनी विषाणूच एड्सचे कारण आहे का, याविषयीच शंका उपस्थित केली आणि औषधे लांबणीवर पडली. अखेर तेथील रुग्णांच्या संघटनेने सरकारला न्यायालयात खेचले. गर्भवती मातांना नेव्हिरापिन द्यावे, असा आदेश घटनात्मक न्यायालयाने जुलै 2002 मध्ये दिला. त्या विलंबापायी तीन लाखांहून अधिक जीव गेले, असा अंदाज हार्वर्डच्या संशोधकांनी 2008 मध्ये मांडला. म्हापशात सत्तेने हात नको तितका लांब केला, तर प्रिटोरियात तो आखडून घेतला.

आपल्याकडे वारे सावकाश फिरले. 1997 मध्ये एक हंगामी कामगार मुंबई उच्च न्यायालयापुढे आला. बाधित म्हणून त्याचे काम गेले होते. न्यायालयाने त्याचे नाव उघड होऊ दिले नाही, केवळ आद्याक्षरांनी खटला चालला, आणि काम करण्यास समर्थ असलेल्या माणसाला या कारणावरून नाकारता येणार नाही, असा निकाल त्याच्या बाजूने लागला. एप्रिल 2004 पासून शासकीय केंद्रांत औषधे विनामूल्य मिळू लागली. 2017 मध्ये संसदेने केलेला एचआयव्ही-एड्स कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून अमलात आला. संमतीवाचून तपासणी नको, संमतीवाचून वाच्यता नको, आणि बाधितास वेगळे काढणे हा भेदभाव, असे तो सांगतो. तक्रार ऐकण्यासाठी प्रत्येक राज्यात लोकपाल नेमण्याची तरतूदही त्यात आहे.

पर्ऱ्याच्या त्या घरातून निघालेला खटला कायद्याच्या ग्रंथांत 'लुसी डिसोझा विरुद्ध गोवा राज्य' याच नावाने नोंदला गेला आहे. शीर्षकात मुलाचे नाव नाही, आईचे आहे.