काळ्या दगडाचे मोल



पवनीत कोणी धातूविषयी बोलू लागला, तर श्रोत्यांस नवल वाटणे साहजिक आहे. आपले गाव वैनगंगेचे, प्राचीन स्तूपांचे आणि मागावरच्या वस्त्रांचे. परंतु भिंतीवरच्या घड्याळातील सेलमध्ये जी काळी भुकटी असते, ती बहुतांशी मँगनीजची असते. आणि सेलसाठी उपयोगी पडणारे खनिज आपल्याच जिल्ह्यात, तुमसर तालुक्यातील डोंगरी बुजुर्ग येथे निघते. त्याच तालुक्यात चिखला येथेही खाण आहे. माझे शालेय शिक्षण थोडके. या धातूची ओळख मला कामगारांच्या बैठकांतून व मागाहून वाचनालयात झाली. त्याचा उपयोग काय, तो येतो कोठून आणि त्याचे मोल कोणाच्या पदरी पडले, एवढाच विचार आज करावयाचा आहे.

सेल हा त्याचा लहानसा उपयोग. जगातील मँगनीजच्या दहा भागांपैकी सुमारे नऊ भाग पोलादाकडे जातात. लोखंडात गंधक राहिले, तर तापवून लाटताना ते तडकते. मँगनीज त्या गंधकास स्वतःकडे ओढून घेते. 1856 साली बेसेमरने पोलाद करण्याची जलद रीत काढली खरी, पण रॉबर्ट मुशेटने तीत मँगनीजयुक्त लोखंड घातले तेव्हा कोठे ते पोलाद भरवशाचे झाले. पुढे 1882 साली हॅडफील्डने सुमारे 12 टक्के मँगनीज घालून असे पोलाद केले, की जितके ठोकावे तितके ते कठीण व्हावे. रेल्वेचे रूळ जेथे एकमेकांस छेदतात, तेथे ते वापरतात.

आता उगमाकडे वळू. नागपूर, भंडारा व बालाघाट या पट्ट्यातील खडक अतिप्राचीन आहेत. भूगर्भशास्त्रज्ञ फर्मोर याने 1909 साली हिंदुस्थानातील मँगनीजवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. येथील एका खडकास त्याने गोंड लोकांवरून ‘गोंडाइट’ हे नाव दिले. जगाच्या शास्त्रात गोंडांचे नाव गेले. त्यांच्या घरात काय आले, हा प्रश्न मात्र शास्त्राच्या कक्षेबाहेर राहिला.

1896 साली येथे मध्यप्रांतातील खनिजाच्या शोधासाठी सिंडिकेट निघाले व त्यातूनच पुढे एक ब्रिटिश कंपनी झाली. 1907 साली हिंदुस्थानात सुमारे 9 लाख टन खनिज निघाले. त्यातील बहुतेक माल कच्चाच परदेशी गेला. दगड आपला, घाम आपला. पोलाद व त्यावरचा नफा दुसऱ्यांचा! 1962 साली ‘मॉइल’ ही कंपनी स्थापन होऊन 51 टक्के मालकी केंद्र व राज्य सरकारांकडे आली. 1977 साली उरलेले 49 टक्केही सरकारने घेतले. 2010 साली काही भाग बाजारात विकले गेले, तरी मोठा वाटा सरकारी राहिला. हा बदल लहान नव्हे.

तथापि मालक बदलला म्हणजे हिशेब पुरा झाला, असे मी मानीत नाही. खनिजाचा भाव त्यात शेकडा किती मँगनीज आहे यावर ठरतो. धुळीचा भाव मात्र कोणी लावीत नाही. मँगनीजची धूळ वर्षानुवर्षे श्वासाबरोबर आत गेली, तर चाल बिघडते, हात थरथरतात. मँगनीज दळणाऱ्या मजुरांचे असे हाल ग्लासगोच्या कूपर या वैद्याने 1837 सालीच लिहून ठेविले. म्हणजे जगाला हे ठाऊक नव्हते, असे म्हणण्याची सोय नाही. पाणी मारून धूळ बसविणे, हवा खेळती ठेवणे, वेळोवेळी तपासणी करणे हे उपाय साधे आहेत. पण ते कायम कामगाराइतकेच ठेकेदाराच्या मजुरालाही मिळाले पाहिजेत.

हॅडफील्डचे पोलाद ठोके खाऊन कठीण होते. माणसाचे शरीर तसे नसते. वर्तमानपत्रात खनिजाचा भाव वाढल्याचे वाचाल, तेव्हा खाणीतल्या मजुरीचे व धुळीचे काय झाले, हेही विचारीत जा. काळ्या दगडाचे खरे मोल त्या उत्तरात आहे.