नियम ८४ आणि वर्ध्याचा कापूस

माल शत्रूच्या हाती पडू नये म्हणून सरकार निर्यात अडवते, तेव्हा इतिहासात दोनच पक्षांची नोंद होते : अडवणारे राष्ट्र आणि अडवले गेलेले राष्ट्र. माल पिकवणारा हा तिसरा पक्ष सहसा नोंदीबाहेर राहतो. त्याचा माग काढायला सेवाग्रामचा परिसर मला फार सोयीचा वाटतो. दूरदेशीच्या युद्धांतील बंदीने या वर्धा जिल्ह्याला एकदा वर उचलले आणि एकदा खाली आणले.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले. दक्षिणेतल्या मळेवाल्यांनी कापूस रोखून धरला. कापसावाचून लँकेशायरच्या गिरण्या अडतील आणि इंग्लंड आपल्या बाजूने उभे राहील, असा त्यांचा हिशेब होता. उत्तरेच्या आरमाराने बंदरांची नाकेबंदी करून उरलीसुरली वाटही बंद केली. इंग्लंड युद्धात उतरले नाही. त्याचे व्यापारी मुंबईकडे वळले. हिंगणघाटचा कापूस त्या बाजारात नावाजलेला होता. १८६२ मध्ये नागपुरातून वेगळा काढून वर्धा जिल्हा झाला, १८६६ मध्ये पालकवाडीच्या जागी वर्धा शहर वसले आणि १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली. हे सारे एकट्या कापसाने घडवले असे मी म्हणणार नाही. पण कापसाची ओढ नसती तर एवढी घाई झाली नसती. १८६५ मध्ये युद्ध थांबले आणि मुंबईचा सट्टा कोसळला. पराटी मात्र वर्ध्याच्या काळ्या जमिनीत कायमची रुजली.

पुढे गिऱ्हाईक बदलले. वऱ्हाड आणि मध्य प्रांतातला आखूड धाग्याचा कापूस जपानी गिरण्या अमेरिकन कापसात मिसळून वापरू लागल्या. १९३३ मध्ये हिंदुस्थान सरकारने जपानी कापडावरची जकात ७५ टक्क्यांवर नेली, तेव्हा जपानी गिरणीमालकांनी इथल्या कापसावर बहिष्कार घातला. १९३४ च्या कराराने तोड निघाली : जपानने १० लाख गाठी घ्याव्यात आणि साडेबत्तीस कोटी वार कापड इथे विकावे. शेतकऱ्याचे नशीब दोन सरकारांच्या सौद्याला किती घट्ट बांधले गेले होते, हे या आकड्यांत दिसते.

१९३९ मध्ये दुसरे महायुद्ध सुरू होताच भारत संरक्षण कायदा आणि त्याखालचे नियम आले. त्यातल्या नियम ८४ ने कोणत्याही मालाची आयात-निर्यात रोखण्याचा अधिकार सरकारला दिला. याच संरक्षण कायद्याखाली, पवनारला युद्धविरोधी भाषण करून वैयक्तिक सत्याग्रह सुरू करणाऱ्या विनोबांना ऑक्टोबर १९४० मध्ये अटक झाली. पवनार आणि सेवाग्राम दोन्ही वर्ध्यापासून हाकेच्या अंतरावर. राजद्रोही शब्द आणि शत्रूला उपयोगी माल, दोन्हींचा बंदोबस्त एकाच कायद्याच्या छत्राखाली होत होता.

जुलै १९४१ मध्ये अमेरिका आणि ब्रिटनपाठोपाठ हिंदुस्थान सरकारनेही जपानी मालमत्ता गोठवली. जपानशी चालणारा व्यापार जवळपास थांबला; डिसेंबरात पर्ल हार्बरनंतर उरलीसुरली आशाही मावळली. जपानला कापूस देऊ नये, हे युद्धाच्या दृष्टीने योग्यच होते. पण लांब धाग्यावर चालणाऱ्या देशी गिरण्यांना हा आखूड कापूस एवढ्या प्रमाणात नको होता. त्याच डिसेंबरात गांधीजींनी सेवाग्रामहून बारडोलीला जाताना 'रचनात्मक कार्यक्रम' ही पुस्तिका लिहिली. गावाने आपल्या गरजा गावातच भागवाव्यात, हा तिच्यातला खादीविचार त्या हंगामात केवळ नैतिक उपदेश राहिला नव्हता. तरी चरख्यांनी सारा कापूस संपला असता, असेही नाही.

या कथेतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट पुढच्या वर्षी घडली. १९४२ मध्ये सरकारने आयात कापसावर जादा कर बसवून कापूस निधी उभारला. आखूड धाग्याच्या कापसाचा भाव सावरणे आणि शेतकऱ्याला अन्नधान्याकडे वळायला मदत करणे, हा त्याचा हेतू. यामागे दया होती असे मानण्याचे कारण नाही. लढाईच्या मागे असंतोष नको होता. तरीही राष्ट्राच्या सुरक्षेसाठी बाजार बंद केला तर त्याची किंमत एकट्या पिकवणाऱ्याने भरू नये, हे तत्त्व परकीय सरकारनेही मान्य केले होते.

युद्ध संपले, अधिकार संपला नाही. १९४७ मध्ये आयात-निर्यात नियंत्रण कायदा झाला. तो मुळात तात्पुरता होता. मुदतवाढी मिळत तो १९९२ पर्यंत टिकला. त्याची जागा विदेश व्यापार कायद्याने घेतली. २०१० च्या दुरुस्तीने अण्वस्त्रे, क्षेपणास्त्रे यांना उपयोगी पडू शकणाऱ्या वस्तू आणि तंत्रज्ञानावरचे नियंत्रण त्यात अधिक कडक झाले. आजच्या जगात ते हवेच. पण ५ मार्च २०१२ रोजी कापसाची निर्यात बंद झाली, तीही याच कायद्याच्या बळावर. तेव्हा शत्रू कोणीच नव्हता. कारण देशातल्या गिरण्यांच्या पुरवठ्याचे होते. केंद्रीय कृषिमंत्री शरद पवार यांनीच उघड नाराजी व्यक्त केली आणि आठवडाभरात सरकारला पाऊल मागे घ्यावे लागले.

मला यात वारशाची अर्धीच वाटणी दिसते. नियम ८४ चा अधिकार स्वतंत्र भारताच्या कायद्यांत उतरला. कापूस निधीमागचे कर्तव्य उतरले नाही. निर्यातीवरचे निर्बंध कडक करताना देशाच्या सुरक्षेचा हवाला दिला जातो आणि तो अनेकदा खरा असतो. म्हणूनच बंदीच्या कलमाशेजारी भरपाईचे कलमही लिहिले पाहिजे. सरहद्दीवरच्या सैनिकाचा खर्च आपण साऱ्या देशात वाटून घेतो. निर्यातबंदीचा खर्च मात्र अजूनही वर्ध्याच्या शेतकऱ्याच्या नावावर मांडला जातो.